मास्तरांनी कोरी केलेली डिस्क

मास्तर कधीच कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते. ते कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत सहायक होते. सकाळी कुलूप उघडायचं, तीस मशीन चालू करायची, मुलांनी आदल्या दिवशी काय काय बिघडवून ठेवलंय ते निस्तरायचं आणि संध्याकाळी कुलूप लावायचं, असं त्यांनी बत्तीस वर्षं केलं. शिकवणारे प्राध्यापक वेगळे होते, पण अडल्यावर मुलं ह्यांच्याकडे धावायची, म्हणून मास्तर हे नाव पडलं. निवृत्त झाल्यावर ते लोकांनी टाकून दिलेले संगणक घरी आणायला लागले, तेव्हा गल्लीनं त्या नावाच्या पुढे आणखी एक शब्द जोडला. समोर मास्तर आणि पाठीमागे भंगारमास्तर. त्यांना हे ठाऊक होतं. एकदा मला म्हणाले, "निवृत्तीनंतर बढती मिळालेला मी एकटाच असेन."

मी वाचनालय सांभाळते. दोन खोल्या, नऊ हजार पुस्तकं आणि एक पंखा, तोही माझ्या टेबलावर नाही. माझा स्वभाव तापट आहे हे सभासद तुम्हाला सांगतीलच, त्यापेक्षा मीच सांगून टाकते. पानाचा कोपरा दुमडणाऱ्यांना मी अजून माफ केलेलं नाही. मास्तरांशी माझं जमलं, कारण ते कमी बोलायचे आणि पुस्तक वेळेवर परत आणायचे. एवढ्या भांडवलावर आमची चौदा वर्षांची ओळख आहे.

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत ते झोपत आणि स्वयंपाक करत, बाहेरची मशीनची. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर पोट उघडं पडलेले दोन-तीन सीपीयू, एका पत्र्याच्या डब्यात स्क्रू, दुसऱ्यात मेमरीच्या पट्ट्या, भिंतीवर खिळ्यांना गुंडाळून टांगलेल्या वायरी आणि धूळ झटकायला रंगाऱ्याचा एक जुना ब्रश. खुर्ची एकच. कोणी आलं की मास्तर स्वतः एका बंद पडलेल्या प्रिंटरवर बसायचे आणि खुर्ची पाहुण्याला द्यायचे. तसा पाहुणा म्हणजे मीच, तीही महिन्यातून एकदा. लग्न त्यांनी केलं नव्हतं. आई होती तोवर आई होती.

लोक संगणक टाकून देतात, कारण तो हळू चालतो. मास्तर त्यावर लिनक्स घालायचे. लिनक्स म्हणजे काय हे त्यांनी मला पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी जांभई दिली होती, म्हणून थोडक्यात सांगते. विंडोजच्या जागी घालायची ही दुसरी प्रणाली. फुकट मिळते, आणि तिचे काही प्रकार इतके हलके असतात की पंधरा वर्षांच्या मशीनलासुद्धा पेलतात. "मशीन म्हातारं होत नाही, बाई," ते म्हणायचे. "आपणच त्याच्या डोक्यावर नको तेवढं चढवतो. उतरवलं की उठून बसतं." मी म्हटलं, मग माझ्या गुडघ्यांचंही काही बघा.

उठून बसलेल्या मशीनला ते एकच काम द्यायचे. दोन नाही. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंकडे एक आहे, त्यात गिऱ्हाइकांची मापं. नाव टाकलं की छाती, कंबर, बाही समोर येते. जुनी मापंही राहतात, त्यामुळे कोण किती सुटलं हे बाई तोंडावर सांगतात आणि लोक ऐकून घेतात. दवाखान्यात एक आहे, ते फक्त पुढचा नंबर मोठ्या आकड्यात दाखवतं. वृद्धाश्रमाच्या दिवाणखान्यात एक बिनपडद्याचं मशीन कपाटावर ठेवलंय, ते रोज दुपारी चारला आपोआप जुनी गाणी लावतं. तिथली एक आजी त्याला 'चार वाजताचा' म्हणते. मास्तर दर पंधरवड्याला ह्या सगळ्यांकडे फेरी मारायचे. धूळ झाडायची, एखादी वायर घट्ट करायची, चहा पुढे आला तर प्यायचा. त्यांच्या कॅलेंडरवर त्या फेऱ्यांखेरीज दुसरं काही लिहिलेलं नसायचं. मी पाहिलंय ते कॅलेंडर.

आता त्यांचा एक नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आलेल्या मशीनमध्ये आधीच्या मालकाचं काय आहे, हे ते बघायचे नाहीत. मशीन त्याच्या स्वतःच्या डिस्कवरून कधी चालूच करायचे नाहीत. आपला पेनड्राइव्ह लावायचा, त्यावरून चालू करायचं आणि डिस्कवर पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत शून्यं लिहून काढायची. त्याला तास तास लागतात. बाकीचे लोक नुसतं पुसतात. तसं पुसलेलं जाणकाराला परत काढता येतं. शून्यं भरली की देवालाही काढता येत नाही. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एक मशीन असंच वरवर पुसून दुसऱ्या खात्यात पाठवलं होतं. तिथल्या पोरांनी एका मुलीची खाजगी पत्रं त्यातून उकरून काढली आणि भिंतीवर चिकटवली. मुलगी कॉलेज सोडून गेली. "तिचं नाव आठवत नाही," मास्तर म्हणाले होते, "पण ती जिना उतरताना दिसते." तेव्हापासून हा नियम.

आणि त्यांचा भाऊ. थोरला, सहा वर्षांनी मोठा, चार तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावात. ह्या भावाची आणि मास्तरांची अकरा वर्षं बोलाचाली बंद होती. झालं असं की आई इस्पितळात होती आणि भाऊ आलेला होता. मास्तर रोज आईपाशीच असायचे, पण त्या दिवशी परीक्षा होती आणि ऐन परीक्षेत प्रयोगशाळेची मशीन बंद पडली. प्राचार्यांनी बोलावणं धाडलं. मास्तर 'आलोच' म्हणून गेले. परीक्षेत फोन आत नेता येत नाही, म्हणून तो टेबलाच्या खणात ठेवला. दुपारी तीनला आई गेली. भावानं नऊ वेळा फोन केला होता. मास्तर पाच वाजता पोचले, तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर भाऊ म्हणाला, "आई गेली तेव्हा तू मशीनपाशी बसला होतास."

त्यावर मास्तर काही बोलले नाहीत, आणि ते वाक्य तसंच राहिलं. त्यांनी नंतर एक पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. दर वर्षी आईच्या पुण्यतिथीला ते फोन लावायचे. वहिनी उचलायच्या आणि म्हणायच्या, "हे बाहेर गेलेत." मागे भाऊ खोकत असलेला ऐकू यायचा. मास्तर चौकशी करून फोन ठेवायचे. मला हे त्यांनी एकदाच सांगितलं, आणि सांगताना अगदी सरळ म्हणाले, "मला माफी नको, बाई. त्यानं ते वाक्य तेवढं परत घ्यावं. मग मी मेलो तरी चालेल." मी त्यांना एक पुस्तक दिलं आणि नेहमीपेक्षा दोन आठवडे जास्त मुदत दिली.

गेल्या वर्षी भावाला पक्षाघाताचा झटका आला. मावसभावाकडून कळलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी मास्तरांना म्हटलं, आजच्या आज निघा. ते म्हणाले, "त्यानं बोलावलं तर जाईन."

"बोलता येत नाही त्यांना. बोलावणार कसे?"

"वहिनी आहेत की."

मी चिडले. तुम्ही दोघं एका आईचे शोभता, म्हटलं. ते हसले नाहीत आणि गेलेही नाहीत. रोज फोन खिशात न ठेवता टेबलावर ठेवायचे, वाजला तर पटकन दिसावा म्हणून. असे पाच महिने गेले आणि भाऊ गेला. अंत्यविधीला मास्तर पोचले, मागे उभे राहिले, वहिनींभोवती माणसं होती म्हणून न बोलताच परत आले.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी मी त्यांच्याकडे गेले ती तक्रार घेऊनच. वाचनालयाच्या यादीसाठी मला एक मशीन हवं होतं आणि मास्तर वर्षभर 'देतो, देतो' करत होते. नऊ हजार पुस्तकांच्या माझ्या यादीची सहा जाडजूड रजिस्टरं होती, त्यांतलं एक कसरीनं खाऊन संपवलेलं. गेले तर मास्तर प्रिंटरवर बसलेले, समोर टेबलावर एक काळा लॅपटॉप, आणि जमिनीवर एक जुना टॉवेल आणि सुतळी.

"भावाच्या घरून आलाय," ते म्हणाले. "कुरियरनं. टॉवेलात गुंडाळून."

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही. काही नाही. घरातलं भंगार निघालं असेल, तर म्हणाले असतील, तो आहेच घ्यायला." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "गेला, तरी त्या घरात मी भंगारवालाच."

मी म्हणायला हवं होतं की आधी वहिनींना फोन करा. मला सुचलंही नाही. मी म्हटलं, "मग मलाच द्या तो. वर्षभर चपला झिजवतेय." मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घ्या. तुमचाच." पेनड्राइव्ह आधीच लावलेला होता. त्यांनी दोन-चार अक्षरं टाइप केली आणि पडद्यावर आकडे सरकायला लागले. तीन टक्के, चार टक्के. मग ते आत गेले, चहा टाकला, दोन कप घेऊन आले, आणि आम्ही त्या सरकणाऱ्या आकड्यांसमोर बसून चहा प्यायलो. मी बिस्किटंसुद्धा मागितली. एकवीस टक्के झाले तेव्हा मी निघाले.

आठवड्याभरात लॅपटॉप वाचनालयात आला. मास्तरांनी कळा एक एक करून काढून पुसल्या होत्या, हलकं लिनक्स घातलं होतं, आणि त्यावर यादीचं एक साधं पान. पुस्तकाच्या नावातला एक शब्द टाकला की कपाट आणि खण दिसायचा. मी दोन महिने बसून पुस्तकं भरली. मास्तर दुपारी यायचे, शेजारी बसायचे आणि माझ्या चुका दाखवायचे. त्यांनाही बरं वाटत असावं. निदान मला वाटत होतं. ते सांगायला लाज कसली.

साडेतीन हजार पुस्तकं भरून झाली होती, तेव्हा एका दुपारी मास्तरांचा फोन वाजला. वाचनालयात आम्ही दोघंच होतो. वहिनींना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या मोठ्यानं बोलतात. मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"भावोजी, किती दिवस विचारीन विचारीन म्हणत होते. वाचलंत का?"

"काय वहिनी?"

"ह्यांनी लिहिलेलं. लॅपटॉपात. चालू केलं की समोरच दिसेल, असं खुणेनं सांगितलं होतं त्यांनी. वर तुमचं नाव घातलंय."

मास्तर त्याच लॅपटॉपसमोर बसले होते. पडद्यावर माझ्या यादीतलं प्रवासवर्णनांचं पान होतं.

"पाच महिने लिहीत होते हो," वहिनी सांगत होत्या. "डाव्या हाताच्या एका बोटानं. रात्री मी शेजारी खुर्चीतच, सकाळी उठवून बसवायचे, उशा लावायचे, मग तासभर टकटक. मी म्हणायचे, बोलवू का भावोजींना? तर मान हलवायचे, नको. आधी लिहून होऊ दे, असं. मी जवळ गेले की झाकण पाडायचे. वरच्या नावाखेरीज मला अक्षर वाचू दिलं नाही. म्हणून चिठ्ठी नाही घातली मी. म्हटलं, तुम्हा दोघांतलं आहे, मध्ये मी कशाला. वाचलंत ना?"

मास्तरांनी पडद्यावरच्या त्या पानाकडे बघितलं. मग ते म्हणाले, "हो."

"काय लिहिलंय? मला सांगाल?"

"सांगतो. आत्ता वाचनालयात आहे. परवा निवांत फोन करतो, वहिनी."

मास्तरांनी फोन ठेवला. मी त्यांना पाणी आणून दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. शेवटी त्यांनी खिशातून छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला, लॅपटॉप उलटा केला, डिस्क काढली आणि रुमालात गुंडाळून घरी नेली.

दोन दिवस ते शिंपीणबाईंकडे, दवाखान्यात, कुठेच गेले नाहीत. मी डबा घेऊन गेले तर दार उघडं होतं आणि मास्तर प्रिंटरवरच बसलेले, खुर्ची रिकामी असून. त्यांनी डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली होती आणि तिच्यातून एक एक तुकडा वाचायला लावला होता. पडद्यावर शून्यांच्या ओळी वर सरकत होत्या. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "माझंच काम आहे. त्यात खोट कशी निघेल?" मध्येच काही अक्षरं आली की ते पुढे वाकायचे. ती लिनक्सची नाहीतर माझ्या यादीतली असायची. एखादा नियम न पाळणारा, चौकस, आगाऊ माणूस असता तर त्यानं लॅपटॉप आधी चालू करून बघितला असता, आणि मास्तरांनी असा आगाऊपणा आयुष्यभर केला नाही. मला त्यांच्या त्या नियमाचा इतका राग आला की डबा तिथेच आपटून मी घरी आले, आणि मग मला रडू आलं, कारण मशीन मागायला मीच गेले होते.

तिसऱ्या दिवशी वाचनालयाची सुट्टी होती. मी पुस्तकं झटकत होते. मास्तर आले, डिस्क परत लॅपटॉपात बसवली, यादी उघडून बघितली. साडेतीन हजार पुस्तकं जागच्या जागी होती. मग म्हणाले, "बाई, इथूनच फोन करतो. घरी जमणार नाही. तुम्ही थांबा."

"काय सांगणार आहात?"

"वाचलेलं."

"मास्तर, खरं सांगून टाका. चूक झाली म्हणा."

"त्यांनी पाच महिने त्याला उचलून बसवलं," मास्तर म्हणाले. "रोज उशा लावल्या. त्यांना सांगू, की मी एका दुपारी पुसलं?"

त्यांनी फोन लावला आणि बोलायला सुरुवात केली. मी त्यांना चौदा वर्षं ओळखत होते, पण इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. भावानं लहानपणचं लिहिलंय, म्हणाले. दोघांत एकच सायकल होती, थोरला चालवायचा आणि धाकटा दांड्यावर बसायचा, एकदा उतारावर ब्रेक लागेना तेव्हा थोरल्यानं सायकल स्वतःच्या अंगावर घेतली आणि आईला सांगितलं की धाकट्यानं पाडलं, ती लबाडी त्यानं आता कबूल केलीय. वहिनी हसल्या. मग मास्तर म्हणाले, "आणि पुष्कळसं तुमच्याबद्दल आहे." तुम्ही खुर्चीत झोपायचात, हे त्याला ठाऊक होतं. उशी सरकली की गजराशिवाय उठायचात. बोलता येत होतं तेव्हा बायकोचं कौतुक कधी केलं नाही, आता करावंसं वाटतं तर जीभ वळत नाही, म्हणून इथे लिहितो, असं लिहिलंय. धाकट्या, तू तिला सांग, असं लिहिलंय.

मग वहिनी म्हणाल्या, "असं लिहिलंय त्यांनी?"

"हो."

"पुन्हा सांगाल? खुर्चीचं?"

मास्तरांनी पुन्हा सांगितलं, अगदी त्याच शब्दांत. वहिनी रडल्या, नाक पुसल्याचा आवाज आला, आणि मग त्यांनी जरा बिचकत विचारलं, "आणि भावोजी, सासूबाईंच्या वेळचं? इस्पितळात ते तुम्हाला जे बोलले होते त्याचं? मला वाटायचं, तेच लिहितायत. त्याबद्दल काय आहे?"

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्याबद्दल काही नाही, वहिनी," ते म्हणाले.

"काहीच नाही?"

"नाही. लिहायचं राहिलं असेल."

फोन संपल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, एवढी चार पानं तुम्ही मनानं रचलीत, सायकल काय, खुर्ची काय, मग तेवढी एक ओळ घालायला काय झालं होतं? अकरा वर्षं जिच्यासाठी झुरलात, ती एक ओळ?

मास्तर लॅपटॉपकडे बघत होते. "बाकीचं वहिनींना हवं होतं, ते मला देता आलं," ते म्हणाले. "ती ओळ मला हवी होती, बाई. मला ती कोण देणार?"